मेल केलाय, पोचला का?

वसंतरावांना मेल पाठवणं छान जमत होतं. मेल पाठवून गप्प बसणं जमत नव्हतं. एका बांधकाम कंपनीत ते कागदपत्रांचं काम बघत. रस्त्यांचे, पुलांचे, स्टेडियमचे नकाशे सल्लागारांकडे पाठवायचे आणि मंजुरी घेऊन परत आणायचे. फोनवरून मेल सुटला, पडद्यावर ‘सेंट’ उमटलं, की लगेच ते त्याच माणसाला फोन लावत. “मेल केलाय. पोचला का?” समोरचा हो म्हणाला तरी यांचं समाधान नाही. “जरा उघडून बघा ना. फाइल उघडतेय ना?” ऑफिसातली पोरं त्यांची नक्कल करत, पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही.

“करा रे चेष्टा,” वसंतराव म्हणत. “सेंट म्हणजे माझ्या हातून सुटलं, एवढंच. त्याच्या हातात पडलं असं कुठे लिहिलंय?”

दोहातल्या मराठी मंडळींत त्यांची आणखी एक ख्याती होती: सिमवाले काका. कतारमध्ये फोनचं सिम मिळतं ते इथल्या ओळखपत्रावर, आणि नव्या माणसाचं ओळखपत्र हाती यायला वेळ लागतो. तोवर आईला ‘सुखरूप आलो’ हे सांगायचं कसं? म्हणून नाशिक-पुण्याकडचं कुणी नवखं आलं की पहिल्या आठवड्यात अल गराफाला काकांकडे हजर. जयमालाकाकू पिठलंभात वाढणार आणि काका स्वतःच्या ओळखपत्रावर सिम काढून देणार. “तुझं ओळखपत्र आलं की नंबर आपल्या नावावर करून घे बरं का,” एवढी एकच अट. बहुतेक सगळे करून घेत. अवधूतने घेतला नाही.

अवधूत नाशिकचाच, एसीच्या कामातला इंजिनियर. स्टेडियममध्ये गार हवा खेळवणाऱ्या कामावर तो आला तेव्हा सडाफटिंग होता. पुढे लग्न झालं, नुपूर आली, गार्गी झाली, शाळेत जाऊ लागली. काकांच्या नावावरचा तो नंबर मात्र तसाच. बँकेत तोच, शाळेत तोच, मेलच्या कुलपाची किल्लीही तोच. गणपतीत भेट झाली की काका विचारत, “काय रे, नंबर?” आणि अवधूत जीभ चावून म्हणे, “करतो की काका! पुढच्या आठवड्यात नक्की. इन्शाल्ला!” हळूहळू काकांनी विचारणं सोडलं. आणि विचारणं सोडलेल्या गोष्टी माणूस विसरतोच.

आता फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्ष उरलं होतं. स्टेडियमं उभी राहिली होती, आणि ती उभी करणाऱ्यांना कंपन्या एकेक करून निरोप देत होत्या. वसंतरावांनी निरोप मागून घेतला. सारं आयुष्य परक्या देशातल्या भाड्याच्या घरांत काढल्यावर नाशिकला इंदिरानगरात त्यांचा स्वतःचा फ्लॅट झाला होता. शुक्रवारी वास्तुशांत. पुढे धनुर्मास लागत होता, म्हणून गुरुजींनी हाच दिवस काढून दिला होता. बुधवारी रात्रीचं विमान. जयमालाबाईंनी पूजेला नेसायची पैठणी सगळ्यांत वर ठेवली होती, बॅग फुटली तरी ती हाती लागावी म्हणून.

बुधवारी सकाळी एकच काम राहिलं होतं. फोन कंपनीकडून ‘यांच्या नावावर आता काही नाही’ असा दाखला आणायचा. तो दिल्याशिवाय त्यांची बांधकाम कंपनी कायमचं जाण्याचे कागद हातात ठेवणार नव्हती. मदिनत खलीफाच्या फोन-केंद्रात काउंटरवर सुरय्या नावाची हैदराबादी मुलगी होती. तिने स्क्रीनकडे बघत सांगितलं, “अंकल, आपके नाम पे तीन नंबर हैं. तीनों बंद?”

एक त्यांचा, एक जयमालाचा. तिसरा? पियूष, त्यांचा मुलगा, इथे शिकत होता तेव्हा त्याच्या इंटरनेटला एक डोंगल घेतलं होतं, ते असणार. डोक्यात विमान होतं, बॅगांचं वजन होतं, गुरुजी होते.

“तीनों,” वसंतराव म्हणाले, आणि सही करून मोकळे झाले. त्यांचे दोन नंबर संध्याकाळी बंद होणार होते, तिसरा लगेच. दाखला दुपारनंतर मेलवर येणार होता.

घरी आले तर जयमालाबाई बाथरूममधल्या काट्यावर बॅग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, “तिसरा कुठला हो?”

“पियूषचं डोंगल.”

“ते तर तो पुण्याला गेला तेव्हाच परत केलं होतं. मीच आले होते की तुमच्याबरोबर.”

वसंतराव खुर्चीत बसले. त्यांनी अवधूतचा नंबर लावला. हा नंबर सध्या सेवेत नाही, असं एका बाईने आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगितलं. मग नुपूरला लावला.

“काका!” नुपूरचा आवाज चढलेला होता. “अहो, अवधूतचा फोन सकाळपासून मेलाय. आणि आजच, काका, आजच!”

झालं होतं असं. अवधूतची नोकरी महिन्यापूर्वीच संपली होती. व्हिसा संपत आला होता आणि गार्गीच्या शाळेला ‘कदाचित जाऊ’ असं सांगून झालं होतं. तेवढ्यात स्टेडियमची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने त्याला निवडलं. नेमणुकीचा मेल आला होता, घरच्या वायफायवर दिसतही होता. पण तो उघडून ‘मान्य’ म्हणायला एक कोड लागत होता, आणि तो कोड येणार होता त्याच नंबरवर. आज ऑफिस सुटायच्या आत उत्तर गेलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

“नवा नंबर कळवा म्हणावं त्यांना,” वसंतराव म्हणाले.

“सांगितलं! ते म्हणतात, नंबर बदलला तर सगळे कागद पुन्हा तपासायचे, म्हणजे पुढचा आठवडा. तोवर जागा ठेवणार नाहीत. काका, पण हे झालं कशामुळे?”

“माझ्यामुळे,” वसंतराव म्हणाले. “बघतो मी. फोन हातात ठेव.”

पहिला राग त्यांना अवधूतचा आला. इतकी वर्षं बजावलं आणि या शहाण्याने कानाआड केलं. पण अवधूतने आळस केला, सही त्यांनी केली होती. त्यांनी फोन कंपनीला भराभर मेल लिहिला: तिसरा नंबर चुकून बंद करायला सांगितला, कृपया थांबवा. ‘सेंट.’ आणि सवयीप्रमाणे फोन. मदत केंद्रावर संगीत वाजत राहिलं. मधेच एक गोड आवाज सांगे, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुन्हा संगीत.

“मोलाचा आहे तर उचला की!” वसंतराव फोनवर ओरडले. जयमालाबाई चमकल्या. संसारात त्यांनी हा आवाज फारसा ऐकला नव्हता.

मदिनत खलीफाच्या वाटेवर रस्ता नेहमीप्रमाणे खणलेला होता. वर्ल्ड कपसाठी सगळं शहरच खणून पुन्हा भरलं जात होतं, आणि कालचं वळण आज दुसरीकडे गेलेलं असे. लाल बावटेवाला बाप्या हात वर करून उभा, आणि वसंतराव स्टिअरिंगवर बोटं आपटत. वरच्या फलकावर हसरी पोरं फुटबॉल झेलत होती. त्यांच्याकडेही वसंतरावांनी रागानेच पाहिलं.

काउंटरवर सुरय्याच होती.

“मेल भेजा है बेटा. मिला?”

तिने पुष्कळ शोधलं. “अभी तो नहीं दिखा, अंकल. मेल का जवाब तीन वर्किंग डे में होता है.”

“मगर इधर लिखा है, सेंट!”

“आपके फोन में लिखा है, अंकल.”

आयुष्यभर जगाला ऐकवलेलं वाक्य आज त्यांनाच कुणीतरी ऐकवलं. हिंदी-मराठीची खिचडी करत ते म्हणाले, “बेटा, तुम्हारी गलती नहीं है. पण तुझ्या साहेबाला सांग. ग्राहक काही चंद्र मागत नाही. पाठवलं तर पोचावं. आणि पोचलं नाही, तर पोचलं नाही असं खरं सांगावं. बस. इतना ही माँगता है आदमी.”

सुरय्याला किती कळलं कोण जाणे, पण तिने खुर्ची पुढे ओढली. मार्ग एकच होता. बंद करायचा अर्ज संध्याकाळपर्यंत मालकाने समोर येऊन मागे घेतला, तर नंबर जिवंत होत होता. पण अर्ज एकच होता, तिन्ही नंबरांचा. तो मागे घेतला की दाखलाही रद्द. मग तो नंबर अवधूतच्या नावावर करायला दोन कामाचे दिवस, त्यानंतरच नवा दाखला. उद्या गुरुवार, मग शुक्रवार-शनिवार सुट्टी.

“मतलब संडे,” सुरय्या म्हणाली. “आपकी फ्लाइट कब है?”

“आज.”

तिने कीबोर्डवरून हात उचलले. “सोच लीजिए, अंकल.”

वसंतरावांनी घरी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे टेप ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“पूजेला बसणार कोण?” जयमालाबाईंनी विचारलं.

“भाऊ आणि वहिनी बसतील. जोडपं लागतं ना.”

“माझ्या घरात.”

“जयमाला, त्या पोराची...”

“कळतंय मला. न कळण्याइतकी वाईट नाहीये मी. तुम्ही ठरवलंच आहे. विचारताय कशाला?” आणि फोन ठेवला.

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. त्या पैठणीसाठी तिने पाच दुकानं पालथी घातली होती. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी असं काही मागितलेलं त्यांना आठवेना. काउंटरवरचं पेन त्यांनी उचललं, खाली ठेवलं. मागच्या रांगेतला एकजण ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करू लागला. वसंतरावांना वाटलं, चालतं व्हावं इथून. अवधूत तरुण आहे, नाशिकला मिळेल त्याला काहीतरी. मग गार्गी आठवली. मागच्या गणपतीत ती आपल्या शाळेचं गाणं म्हणून दाखवत होती, अरबीतलं, हात उंच करून.

“कँसल करो,” ते म्हणाले. “खलास.”

नंबर जिवंत व्हायला थोडा वेळ लागेल म्हणून ते थेट अल थुमामाला अवधूतकडे गेले. दार गार्गीने उघडलं. आत अर्धं सामान खोक्यांत. जेवणाच्या टेबलावर मधोमध फोन, आणि त्याभोवती अवधूत आणि नुपूर, कुणी आजारी असावं तसे बसलेले. काकांना बघून अवधूत उठला.

“बस,” काका म्हणाले. “ओरडायचंय मला तुझ्यावर, पण नंतर.”

चौघं फोनकडे बघत बसले. ऑफिस सुटायला अर्धा तासही नव्हता. अवधूत फोन बंद करून पुन्हा चालू करी. नुपूर तेच ते खोकं पुन्हा चिकटवत होती. वसंतरावांनी दोनदा काउंटरवर फोन केला, दोनदा उत्तर आलं, “सिस्टम में है, अंकल.” आता तो शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

“बाबा!” गार्गी किंचाळली. “बार्स! आय सी टू बार्स!”

कोड मागवला. आला. आकडे नुपूरने टाइप केले. मेल उघडला, ‘मान्य’वर बोट टेकलं, पडद्यावर उमटलं: सेंट. नुपूर रडायलाच लागली. अवधूतने खुर्चीत मान मागे टाकली.

“हां, झोपू नकोस,” वसंतराव म्हणाले. “फोन लाव त्यांना. विचार, पोचला का.”

या वेळी कुणी हसलं नाही. अवधूतने लावला. तिकडच्या बाईने जरा वैतागूनच सांगितलं की हो, पोचला, आणि ती निघण्याच्या घाईत आहे. अवधूत वाकून काकांच्या पाया पडू लागला, तसं काकांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. “उद्या ओळखपत्र घेऊन काउंटरवर ये. दार उघडायच्या आधी ये. नाही आलास तर मी आहे आणि तू आहेस.”

रात्री जयमालाबाई एकट्या विमानात बसल्या. विमानतळावर त्यांनी गोळ्यांची डबी नवऱ्याच्या हातात दिली, फ्रिजमध्ये आमटी आहे एवढं सांगितलं, आणि वळून न बघता आत गेल्या. गुरुवारी अवधूत दार उघडायच्या आधी आला. त्या दिवशी नाशिकहून फोन आला नाही. वसंतरावांनी लावला तर पियूषने उचलला, “आई कामात आहे.”

शुक्रवारी सकाळी अल गराफाच्या रिकाम्या घरात वसंतराव अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून एका खोक्यावर बसले होते. नाशिकला आता दूध उतू गेलं असेल. भाऊ-वहिनी पाटावर असतील. आणि ती? फोन हातातच होता. जाण्याची तारीख सांगून घरचं वायफाय काढून टाकलेलं, आणि रस्ता खणताना कुठे काय तुटलं कोण जाणे, सकाळपासून फोनवरचं इंटरनेटही मेल्यासारखं होतं.

फोन वाजला. जयमाला.

“अहो,” मागे घंटा वाजत होती. “वहिनींनी ऐकलं नाही. म्हणाल्या, पूजेला आम्ही बसतो, पण चुलीवर दूध तूच ठेवायचं, घर तुझं आहे. पैठणी नेसून ठेवलं मी. पियूषने व्हिडिओ काढलाय, तुम्हाला पाठवलाय.” मग या घरात आजवर एकाच माणसाने विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. “पोचला का?”

वसंतरावांनी फोन कानापासून दूर करून पाहिलं. पडद्यावर काहीच नव्हतं. एक गोल नुसता फिरत होता.

“पोचला,” ते म्हणाले. “बघतोय. फार सुरेख दिसतेस.”