गणपत मास्तरांची रग्बी

आम्ही रिसोडच्या शाळेतले जुने मास्तर जमलो, की कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी रग्बीवरच येते. आणि दरवेळी एखादा किस्सा वाढलेलाच असतो!

बदली झालेल्या एका गोऱ्या साहेबाने जाताना शाळेला लांबोडका चेंडू दिला. हेडमास्तर म्हणाले, खेळ सुरू करू. पण शिकवणार कोण? गणपत नुकताच पलटणीतून परतून भावाच्या भाजीच्या मळ्यात राबत होता.

"रग्बी पाह्यली का रे?" हेडमास्तरांनी त्याला विचारलं.

"रोज पाहत होतो जी!"

झाली नेमणूक! आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी 'मास्तर' म्हणू लागलं. हाक ऐकली की गडी कुठूनही हसत पळत यायचा.

पलटणीत तो स्वयंपाकी होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

*

खेळ त्याने पाहिला होता तो भटारखान्याच्या खिडकीतून. तिथून मैदानाचं एकच टोक दिसे. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही टीम एकाच गोलकडे धावत!

"अन् दुसऱ्या टोकाले काय करत?" मी विचारलं.

"तिकडे भिंत आडवी होती जी."

*

पाडापाडी शिकवायला तालमीतले रहीम वस्ताद आले. त्यांची पोरं समोरच्याला चीत करून थांबत आणि वस्तादांना सलाम ठोकत. तेवढ्यात चीत झालेला उठून चेंडूसकट पसार!

वस्ताद भडकत, "अबे, तू हारला ना! मंग पळून कायले राह्यला?"

*

मध्यंतर मात्र गणपतला पक्कं ठाऊक. पलटणीत तेव्हा खेळाडूंना संत्री सोलून तोच नेऊन देई. आमच्या मॅचला त्याने तीन-तीन मध्यंतरं घेतली.

"पोरं दमून राह्यले न जी!"

*

मग शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले. मास्तर ट्रेनिंग झालेला नसेल तर खेळ बंद, हा त्यांचा खाक्या. गणपतची मास्तरकी जाणार हे दिसत होतं, आणि आम्हाला फार वाईट वाटत होतं.

त्या दिवशी वाशीमची पोरं सर्व्हिस मोटारीने मॅचला आली होती. मध्यंतरापर्यंत त्यांनी सपाटून मार खाल्ला. गणपत संत्र्यांची परात घेऊन निघाला, तोच साहेबांनी अडवलं.

"ट्रेनिंग कुठे झालं?"

"भटारखान्यात जी."

"नियम तरी येतात का?"

गणपतचा चेहरा उतरला. त्याने परातीकडे पाहिलं.

"एकच पक्का मालूम हाय, साहेब. संत्रे दोनी बाजूच्या पोराईले सारखे. अन् हारून राह्यले, त्याईले पयले."

तो वाशीमच्या पोरांकडे गेला. मग आमच्या पोरांकडे. शेवटी परात घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

साहेबांनी एक फोड उचलली.

"मास्तर," ते म्हणाले, "मीठ आहे का?"