सख्ख्या मेहुण्याचं पाणी

“पण त्यात खोटं काय आहे, एवढंच सांग,” दीपक तिसऱ्यांदा म्हणाला.

“खोटं न्हाय. अर्धं हाय,” संजीवनीबाई म्हणाल्या. “अर्ध्याखाली माझं नाव टाकायचं न्हाय.”

जेवणाच्या टेबलावर छापखान्यातून आलेलं प्रूफ पसरलं होतं. सोळा तारखेला कुंडलिकरावांचं वर्षश्राद्ध. वडिलांसाठी दीपकनं बारामतीत हॉल घेतला होता आणि तिथं वाटायला ही पुस्तिका. मुखपृष्ठावर सफारी सूटमधला फोटो, खाली तीन ओळी : निष्ठावंत अभियंता, निःस्पृह लोकसेवक, कुटुंबवत्सल पिता. सातव्या पानावर ‘सहचारिणीचे मनोगत’. ते सहचारिणीनं लिहिलेलं नव्हतं. सून उत्कर्षा शाळेत मराठी शिकवते. सासूच्या मनात काय काय असेल ते तिनं एका रविवारी बसून लिहून काढलं होतं. त्यात होतं, ‘कालव्याचे पाणी हाती असूनही त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला थेंबभर दिले नाही, याचा पत्नी म्हणून मला अभिमान वाटतो.’

“मला इचारलंस का, वाटतो का न्हाय ते?”

“आई, बाबा स्वतःच सांगायचे ना सगळ्यांना,” उत्कर्षा पुटपुटली. “मला वाटलं, तुम्हाला आवडेल.”

“ते सांगायचेच.”

सांगण्यात कुंडलिकरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. पिंपळीतून डिप्लोमा झालेला पहिला मुलगा, हे त्यांनी मरेपर्यंत जगाला विसरू दिलं नाही. कालव्यावर एकतीस वर्षं नोकरी केली आणि घरही कालव्यासारखंच चालवलं. गीझर आठ मिनिटं. दुधाच्या पातेल्याला आतून खुणा. बायकोला ताप आला की दर चार तासांनी थर्मामीटर लावून आकडा डायरीत लिहायचे. कपाळावर हात मात्र एकदाही ठेवला नाही. वर्षातून एकदा पोरांना नरसिंहपूरला न्यायचे आणि संगमावर उभं करून भीमेला किती पाणी, नीरेला किती, ते पाठ म्हणून घ्यायचे. पोरं भेळेच्या गाडीकडं बघत आकडे म्हणायची. जेवताना संजीवनीबाईंच्या तोंडून ‘न्हाय’ निघालं की घास हातात धरून थांबायचे. “नाही म्हणावं.” मग घास तोंडात.

लाच त्यांनी कधी खाल्ली नाही, हे खरं. दिवाळीचा मिठाईचा पुडासुद्धा परत पाठवला. पण संजीवनीबाईंचं त्यावर स्वतःचं मत होतं. लाच खायलाही छाती लागते. वरच्या अंगाला बडे बागायतदार मोहनरावांचा ऊस होता. त्यांच्या चारीचं, कालव्यातून रानात जाणाऱ्या पाटाचं, गेट चौदा वर्षं नादुरुस्त होतं आणि एवढ्या वर्षांत ते कधी बंद स्थितीत अडकलं नाही, कायम उघड्याच स्थितीत अडकलेलं. मोहनरावांची जीप दारात आली की कुंडलिकराव बनियनवर शर्ट चढवत उभे राहायचे. पैसा घेतला नाही, तो फुकट भ्याला. मोठ्यापुढं भ्यायचं आणि त्याला नियम म्हणायचं. लहान माणूस समोर आला की नियमाला कसा कणा फुटायचा.

लहान माणूस म्हणजे त्यांचाच मेहुणा, बावड्याचा जयवंता. त्याची जमीन चारीच्या शेवटाकडं. एकोणिसशे शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या तीन एकर डाळिंबाचा पहिला बहार धरला होता. आवर्तनाचं पाणी सुटलं, प्रत्येकाची पाळी कागदावर लागली. जयवंताची मंगळवारी, दिवसभर. ती काही दाजींची मेहेरबानी नव्हती, सगळ्यांसारखीच हक्काची. पण चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, “सायबाच्या मेव्हण्याला काय कमी हाय?” आणि कुंडलिकरावांनी संध्याकाळी लाल पेनानं जयवंताचं नाव खोडलं. पाणी त्याच्या बांधावरून पुढच्याच्या रानात गेलं.

तो एसटीनं बारामतीला आला. व्हरांड्यातल्या खुर्चीच्या काठावर बसला.

“दाजी, माझी पाळी व्हती.”

“रीतसर अर्ज करा, जयवंतराव,” कुंडलिकराव म्हणाले आणि आतून कोरा कागद आणून दिला.

जयवंताला सहीपुरतंच लिहिता यायचं. अर्ज संजीवनीबाईंनी लिहिला. नवऱ्यानं त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या, पोच दिली आणि जेवायला बसला. उत्तर पावसाळ्यात आलं : ‘आवर्तन संपल्याने सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ तोवर बाग वाळून गेली होती. जयवंतानं ती उपटली आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजानं जायला लागला. अकरा वर्षं त्यानं या घराची पायरी चढली नाही. भाऊबीजेला संजीवनीबाई ओवाळणीचं ताट लावायच्या आणि उचलून ठेवायच्या.

इकडं ‘सख्ख्या मेहुण्याला पाणी नाकारणारे साहेब’ म्हणून कुंडलिकरावांचं नाव झालं. गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की सांगता सांगता तिच्यातली पाळी गळून पडली. उरला फक्त सवलत मागायला आलेला मेहुणा आणि त्याला परत पाठवणारा बाणेदार अधिकारी. निवृत्तीला त्याच गोष्टीवर टाळ्या पडल्या.

“तू हे आधी कधी बोलली नाहीस,” सगळं ऐकून दीपक म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

“बोलले व्हते. तू पाचवीत व्हतास. ते म्हणाले, कार्यालयीन बाबी घरात नकोत.”

“आई, माणूस गेलाय. चांगलं तेवढं बोलावं.”

“मग चांगलं तेवढंच बोल. गीझरचं बोल.”

सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलेली श्रेया हसली, आणि आजीचा राग घालवावा म्हणून म्हणाली, “आजी, मामाआजोबांचा सत्कार आहे ना पण? पप्पांनी शालसुद्धा आणलीय.”

दीपकनं मुलीकडं असं बघितलं की तिनं मान खाली घातली.

“कसला सत्कार?”

“मामाला स्टेजवर बसवायचं होतं,” दीपक म्हणाला. “ज्याला पाणी नाकारलं तो माणूससुद्धा बाबांना मानतो, हे लोकांना दिसेल. मला काय माहीत हे असं होतं ते.”

“मानतो, असं म्हणाला तो?”

“तसं नाही म्हणाला. म्हणाला, मला कशाला बसवता वर. मग म्हणाला, अक्कासाठी येतो.”

संजीवनीबाईंच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. सत्तरीतला जयवंता, कडक इस्त्रीचं धोतर नेसून, हात मांडीवर ठेवून स्टेजवर बसलेला. आपली बाग जळाली त्याबद्दल टाळ्या वाजतायत आणि तो शाल सावरतोय. तो बसला असता. बहिणीची मान खाली जाऊ नये म्हणून तो कुठंही बसला असता.

“आता कळलं ना तुला,” त्या दीपकला म्हणाल्या. “मग कर फोन. सांग त्याला, शाल न्हाय द्यायची.”

“आता कसं, आई? पत्रिका वाटून झाल्यात. त्यात नाव आहे मामाचं. लोक काय म्हणतील?”

बापही टपरीवरच्या एका वाक्याला असाच भ्याला होता. संजीवनीबाईंनी टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला.

“जयवंता, सोळा तारखेला यायचं न्हाय. न्हाय, आजारी न्हाय मी. समदं बरं हाय. तू घरीच थांब.”

फोन ठेवून त्या उठल्या. प्रूफ गोळा करून उत्कर्षाच्या हातात दिलं.

“सातवं पान काढ, न्हायतर तुझ्या नावानं छाप. श्राद्धाचं दीपक बघंल, भटजींना सांगून ठेवलंय. हॉलमधी माझी खुर्ची मांडू नका. सोळा तारखेला मी बावड्याला जयवंताच्या घरी असंन.”