पांढऱ्या धोतरामागची सुंदरा

शहापूरच्या भगीरथ फोटोवाल्यानं माणसांना मोकळं बसायला शिकवलं, असं सगळा तालुका म्हणायचा. नाहीतर आमच्याकडे फोटो म्हणजे काय? कॅमेरा दिसला की माणूस सावधान! हात मांडीला चिकटलेले, मान ताठ, डोळे वटारलेले. जणू फौजदारानं चोर धरून उभा केलाय. भगीरथ असल्या माणसाला आधी खाली बसवायचा, उंबऱ्यावर नाहीतर बैलगाडीच्या दांडीवर. "हातात काय तरी घे. सूप घे, नातवंड घे. रिकामा हात लाजतो रे." मग म्हणायचा, "खांदे सोड. माझ्याकडं बघू नको." आणि खरंच माणसाचं तोंड फुलायचं. म्हसा गावच्या जत्रेत त्याच्यापुढं झुंबड उडायची, आणि गडी मिशीला पीळ देत सांगायचा, "आपला हात लागला की दगड पण हसतो!"

तोंड फुलायचं ते कुणामुळं, हे मात्र त्या शहाण्यानं कधी बघितलं नाही. त्याची बायको सुंदरा गिऱ्हाइकाच्या अगदी शेजारी पांढरं धोतर ताणून उभी राहायची, उन्हाचा उजेड तोंडावर पडावा म्हणून. तिथूनच ती कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि माणूस खुदकन हसायचा. भगीरथ लांबवर, एक डोळा मिटून. एकदा त्यानं विचारलं, "काय सांगतेस गो त्यांना?"

"तुमाला काय करायचंय? तुमी बटन दाबा."

त्यानं बटण दाबलं.

तिलाही फोटोची हौस होती. कधीकधी म्हणायची, "रोल संपताना एक माझा काढा की." हा म्हणायचा, "तू काय पळून चाललीस? आधी गिऱ्हाईक." शाळेत मतदानाच्या कार्डासाठी फोटो काढले, त्या दिवशीसुद्धा ती म्हशाच्या जत्रेत धोतर धरून उभी होती.

दोन हजार दोनच्या श्रावणात सुंदराला कावीळ झाली, आणि बघता बघता ती गेली. घर खायला उठलं.

लेक अंजू रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "आबा, दहाव्याला पाटावर ठेवायला आयचा फोटू लागंल."

भगीरथनं निगेटिव्हचे डबे पालथे घातले. एकेक पट्टी उजेडाला धरली. कुठं तिचं कोपर, कुठं बोटं, कुठं धोतराचं टोक. फोटो मोठा करताना तेवढं तो हटकून कापून टाकायचा. अख्ख्या तालुक्याची तोंडं त्या डब्यांत होती, तिचंच नव्हतं. काय म्हणावं असल्या माणसाला!

मग त्याला उंबरमाळीच्या पाड्यावरची रखमी म्हातारी आठवली. तिच्या फोटोच्या रोलला बुरशी लागली होती, पण फोटो म्हातारीकडं होता. आपली शेळी अख्खी दिसली पाहिजे म्हणून ती हटून बसली होती, त्यामुळं त्या फोटोची कड कापलीच नव्हती. तिथं सुंदरा आली असणार. तो दुसऱ्याच दिवशी निघाला.

सुतकात दुसऱ्याच्या घरात शिरू नये, म्हणून तो अंगणातच थांबला. सुंदरा गेली हे सांगायला त्याची जीभच उचलेना.

"आजी, तुजा फोटू जरा दाव."

म्हातारीनं हौसेनं फ्रेम बाहेर आणली. मधोमध रखमी, बोळक्या तोंडानं हसणारी. शेजारी शेळी. आणि कडेला हिरव्या बांगड्यांचे दोन हात, त्यांच्यामध्ये ताणलेलं पांढरं धोतर. तोंड धोतरामागं. "अजून वर धर!" असं त्या दिवशी तोच खेकसला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "येवढी कशाला हसलीस गो यात?"

"तुजी बायको बोलली ना! कानाशी येऊन बोलली, 'हस गो आजी, तुजा तरी निघतोय. आमचा मानूस सगल्या तालुक्याचे फोटू काडतो, मीच तेवडी त्याला दिसत नाय.' समद्यांना तेच सांगत व्हती. आमी पोट धरून हसलो."

पाड्यापाड्यांत भिंतींवर लावलेली ती हसरी तोंडं, ज्यांचा भगीरथला एवढा गर्व, ती सगळी तिचं गाऱ्हाणं ऐकून हसली होती. आणि त्यानं एकदाही ते ऐकलं नव्हतं.

"मंग?" म्हातारीनं विचारलं. "काडलास का नाय रे तिचा?"

"नाय, आजी. राहिला."

"आता काड हो," फ्रेम पदरानं पुसत म्हातारी म्हणाली. "घरचाच तर कॅमेरा."