बगळ्याचे पाय

बगळ्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा, आणि तोही कुरकुरीने. पांघरुणातून पाय बाहेर काढायच्या आधी तो बायकोला विचारायचा, "पाणी तापलंय का?"

ती म्हणायची, "कशाला? आता तळ्यातच उतरायचंय ना."

तळं हॉटेलच्या बागेतलं. उन्हाळ्यात त्यात कमळं फुलायची आणि पाहुणे फोटो काढायचे. थंडीत पानं वाळली की त्याच कमळांचे कंद, म्हणजे कमळकाकड्या, हॉटेलच्या स्वयंपाकघरात जायच्या. काढणारा एकटा हा. मांडीभर चिखलात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटांनी कंद चाचपायचा, म्हणून बगळा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढ्यापुरतंच.

काम दिसतं तसं सोपं नाही. मी बारा हिवाळे त्याच्या गाळाच्या बादल्या ओढल्या, म्हणून सांगतो. कंद हातभर लांब, आडवा आणि ठिसूळ. घाई केली की मधोमध मोडतो, भोकांत चिखल शिरतो आणि आचारी तो परत फेकतो. बोटांनी पेर चाचपत सांध्यापर्यंत जायचं आणि तिथंच तोडायचं. एका कंदाला पाव तास. टोकाचा डोळा पुन्हा चिखलात लावायचा, नाहीतर पुढच्या वर्षी फूल नाही. अख्ख्या कंदाला मजुरी. मोडलेल्याला आचाऱ्याची बोलणी.

त्या मजुरीतून बगळ्याला एकच वस्तू घ्यायची होती. गळ्यापर्यंत गरम पाणी मावेल असा टब. वीस वर्षं गार पाण्यात उभं राहून झालं होतं, आता गरम पाण्यात बसायचं होतं. आणखी एक हिवाळा नीट गेला की जमणार होतं.

नेमका त्याच वर्षी बागेवर नवा साहेब आला. तळ्याकडे बघून म्हणाला, "ही वाळकी देठं वाईट दिसतात. पाण्याखालून कापून टाका सगळी. उद्याच."

"साहेब, तसं केलं तर कंद बुडून मरतील."

"पाण्यातलं झाड बुडून मरतं? मग बगळेबुवा, तुमचे मासेही बुडत असतील."

आम्ही सगळे हसलो. बगळा हसला नाही. कंद कुजले की टब गेला, एवढं त्याला कळत होतं. तो बादलीभर पाणी घेऊन आला. एक अर्धवट हिरवं देठ कापलं, पान खुडलं, खालचं टोक बादलीत बुडवलं आणि वरचं साहेबांपुढे धरलं. "फुंका."

"मी?"

"मी फुंकलं तर म्हणाल, बगळ्याची काहीतरी चलाखी आहे."

साहेबांनी टाय खांद्यावर टाकला, वाकले आणि फुंकलं. बादलीत बुडबुडे आले.

"कंद ह्यातूनच श्वास घेतो. देठ पाण्याखाली कापलं की त्याच्या नाकातोंडात पाणी."

साहेबांनी पुन्हा फुंकलं. त्याची गरज नव्हती. तिसऱ्यांदा फुंकत होते तेवढ्यात आचारी टोपली घेऊन आला. जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, तहान लागली होती तर ग्लास दिला असता."

साहेब ताठ झाले. देठं पाण्याच्या वर वीतभर राहू द्या, म्हणाले. पण सगळी एका उंचीची हवीत. बगळ्याने काठीचं माप धरून दोन दिवस तेच केलं. तळं न्हाव्याने अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखं दिसत होतं, पण कंद जगले. त्या हिवाळ्यात आचाऱ्याने नऊच परत फेकले, आणि ते नऊही माझ्या हातून बादलीत आपटलेले.

थंडी सरायच्या आत टब आला. न्हाणीच्या दारातून तो आत जाईना, म्हणून दार काढलं. ते आजही भिंतीला टेकून उभं आहे. तिथं पडदा लावलाय.

पहिल्या दिवशी बगळा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसला. पडद्याबाहेरून बायकोने विचारलं, "झालं का समाधान?"

"झालं."

तरी पाणी डुचमळत होतं. तिने पडदा सारून पाहिलं. बगळ्याचा एक पाय टबाच्या तळावरून हळूहळू चाचपत पुढे चालला होता.

"अहो, काय शोधताय?"

"काही नाही. साबण."

"साबण माझ्या हातात आहे."