भाचीची मुलाखत

आमच्या संशोधन केंद्रात मुलाखती ऐकून टाइप करणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणायचे. त्याला कारण त्यांची भाची. बहीण वारल्यावर मावशींनीच तिला वाढवलं. कॉलेज सुटलं की ती त्यांना न्यायला यायची आणि दारातूनच "मावशी, आटप" म्हणायची. संचालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मग तेच नाव बसलं.

काम कसलं, तर इंटरनेटवर माणसांचं काय वाटोळं होतं याचा अभ्यास. कुणाचे फोटो बदलून पसरवलेले, कुणाला अनोळखी लोकांनी धमकावलेलं. संशोधक मंडळी जाडजूड शब्दांत अहवाल लिहायची, पण ती रडणी शब्द न शब्द ऐकायच्या मावशी. कानाला हेडफोन, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं पेडल. नाव आलं की गाळायचं. बाहेर मात्र या कानाचं त्या कानाला कळू द्यायच्या नाहीत. मावशींच्या पोटातली गोष्ट काढायला सर्जनच हवा, असं आम्ही चिडवायचो.

केंद्राचा नियम होता, की ओळखीचा आवाज निघाला तर तिथेच थांबायचं आणि रेकॉर्डिंग दुसऱ्याकडे द्यायचं. असल्या नियमांवर आपण सही करतो आणि विसरतो. मावशी विसरल्या नाहीत.

एका दुपारी त्या हेडफोन काढून माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा पांढराफटक. हे बाहेरगावच्या टायपिस्टकडे पाठवा, एवढंच म्हणाल्या. कुणाचा आवाज हे मी विचारलं नाही. काम वाटून देणाऱ्याने ते विचारायचं नसतंच.

आवाज भाचीचा होता. पहिली दोन वाक्यं कानावर पडली आणि मावशींनी पेडल दाबलं. पोरीने विश्वासाने दुसऱ्याला सांगितलंय, ते आपण चोरून ऐकायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. घरी त्या नेहमीसारख्या वागल्या. डबा भरला, परीक्षेचं विचारलं. भाची खाईना, बोलेना, केंद्रावर यायचीही बंद झाली. पण काय झालं म्हणून विचारावं, तर आपल्याला माहीत आहे हे उघडं पडेल, या धास्तीने मावशींनी तोंड शिवून घेतलं.

मग भाचीने कॉलेज सोडलं आणि लांबच्या गावी नोकरी धरली. बॅग भरताना ती म्हणाली, "सगळं ऐकलंस, आणि तरी रोज डबाच भरत राहिलीस. लाज वाटली ना माझी?"

"मी ऐकलंच नाही गं," मावशी म्हणाल्या. "तुझा आवाज कळला आणि बंद केलं."

भाची खाली बसली. "तू ऐकावंस म्हणूनच गेले होते मी तिथे. तुझ्या तोंडावर सांगता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नियम मोडायला सांगितला, ते रेकॉर्डिंग ऐकू द्या म्हणाल्या, आणि का ते सांगितलं. पण टाइप झाल्यावर आम्ही आवाज पुसून टाकतो, तसा तोही पुसला होता, आणि टाइप केलेले कागद संशोधकांच्या कुलपात गेले होते. असल्या नियमाला काडी लावावी असं मला वाटलं. पण तो नसता तर त्या बाकीच्या मुली तोंड उघडत्या का? नसत्या उघडल्या, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर जास्त संताप येतो.

गाडी सुटायच्या आधी मावशींनी पोरीचे हात धरले. आता सांग, सगळं सांग, मी हलणार नाही, म्हणून विनवलं. भाचीने सांगायचा प्रयत्न केला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"तेव्हा तू समोर बसली आहेस असं धरून बोलत होते गं," ती म्हणाली. "आता तू खरंच समोर आहेस, तर जमत नाही."