सात प्रश्नांचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या याद्या सगळ्यांना ठाऊक आहेत, वाण्याच्या, धोब्याच्या, दवाखान्यातल्या औषधांच्या. पण ही गोष्ट कुठल्याच यादीत आली नाही. आज लिहितेय.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे एक वही होती. तोंडी परीक्षेत विचारलेले प्रश्न मी तिच्यात उतरवायची. आमच्या वर्गाचा नियमच होता — परीक्षा देऊन बाहेर येणाऱ्यानं पाण्याचा घोट घेण्याआधी प्रश्न सांगायचे. परीक्षक तेच, प्रश्नही बहुतेक तेच. मागच्यांना उपयोग व्हायचा. वही माझ्या हातात, पण होती सगळ्यांची. निम्मे प्रश्न तर शंकरने आणलेले. नायगावच्या बीडीडी चाळीतला शंकर, वडील गिरणीत. परीक्षक कुठल्या शब्दावर खाकरले तेही त्याच्या लक्षात राहायचं. मला म्हणायचा, "काय वहीवाल्या बाई, आज जाळ्यात काय लागलं?"

मेडिसिनच्या वॉर्डात हाउसमनची, म्हणजे निवासी डॉक्टरची, एकच जागा होती. पहिला येईल त्याला ती मिळणार. शंकरच पहिला येणार, हे मला दिसत होतं. दुसरी मी.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. माझी तोंडी परीक्षा झाली, त्याच दिवशी शंकरचा थोरला भाऊ सत्याग्रहात पकडला गेला. शंकर दिवसभर पोलीस चौकीबाहेर. त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी, सकाळी पहिलाच नंबर. ट्राम बंद, बस बंद — तो संध्याकाळी ठाकूरद्वारला आमच्या घरी चालत आला. धुळीच्या चपला दाराबाहेर काढून म्हणाला, "बोला, काय काय विचारलं?"

वही माझ्या पाठीमागच्या टेबलावर. सात प्रश्न, क्रमवार, लिहून तयार. त्यातले बरेच नवे; सातवा तर वहीत आधी कधीच न आलेला — रोग्याचं पोट तपासण्याआधी काय कराल? उत्तर एवढंच, की आपले हात चोळून गरम करीन. मलाही आलं नव्हतं. त्यांनीच चिडून सांगितलं.

आणि मी म्हटलं — काय म्हटलं?

"नवीन काही नाही हो. नेहमीचेच."

"मग सुटलो!" तो हसला आणि परत निघाला. जिना उतरेपर्यंत हाक मारता आली असती. मी त्याच्या चपलांचा आवाज ऐकत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी नेहमीसारखी बाहेर थांबले. का गेले? न जाणं संशयास्पद दिसलं असतं. आदल्या दिवशी माझ्याबरोबर परीक्षा दिलेलं दुसरं कुणीच तिथं नव्हतं. शंकर बाहेर आला, चेहरा पांढरा पडलेला. तरी नियम मोडला नाही. पाणी प्यायच्या आधी त्यानं प्रश्न सांगितले. तेच सात. मी मान खाली घालून ते दुसऱ्यांदा उतरवले, वर त्याचं नाव घातलं. "सातवा लक्षात ठेवा," तो म्हणाला, "मागच्यांना सांगा."

तो नापास झाला. सहा महिन्यांनी पास झाला, तोवर जागा माझी झाली होती. भावाच्या काळजीनं नापास झाला असेल? हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारलं, कारण विचारणं सोयीचं होतं. खोटं तर मी निकालाच्या आधीच बोलले होते.

शंकरचा नायगावात दवाखाना आहे. मागच्या महिन्यात त्याची मुलगी आली, मला आत्याच म्हणते; तिचंही यंदा डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. "आत्या, तुमची ती वही द्याल? बाबा म्हणतात, तिच्यासारखी वही परत झाली नाही. आणि आत्या काही टाकत नाही म्हणे."

ती चहा पीत होती. मी आत गेले, वही काढली, आणि माझ्या तारखेचं पान शिवणीपाशी ब्लेडनं कापून घेतलं — सफाईनं, कळणार नाही असं. मग वही कागदात बांधून तिच्या हातात दिली. तिनं वाकून नमस्कार केला. मी करू दिला.

पान इथं माझ्यासमोर आहे. वर शंकरच्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची तारीख, खाली सात प्रश्न, अक्षर माझं. त्याचं नाव असलेलं पान वहीत आहे.