तुरीवरची मच्छरदाणी

भाऊजी गेल्याचं सांगायला ताईचा शेजारी सीताबर्डीतल्या माझ्या दुकानात आला, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वासच बसेना. आदल्या संध्याकाळी तर भाऊजी तिथंच बाकावर बसून चहा पिऊन गेले होते... त्याला आता महिना होत आला.

भाऊजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ते रोज सकाळी सायकल काढून प्रताप नगरच्या घरातून गुपचूप निघायला लागले. विचारलं की "काम आहे", एवढंच. मग घरातली मच्छरदाणी नाहीशी झाली. ताईनं मला बोलावून घेतलं. "बेसा गावाले जातात म्हणे. तिथं कोणीतरी आहे. तू पाहून ये गा."

बेसा तेव्हा निव्वळ खेडं. मी अंतर ठेवून मागोमाग गेलो. बांधावरून पाहतो तर भर तुरीत आमची मच्छरदाणी ताणलेली! आत भाऊजी गुडघ्यांवर, अन् बाहेर एक तरुण बाई जाळीचा कोपरा धरून हसत उभी. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"हळू गा! आत माशी शिरली आहे."

मधमाशी. ती बाई, गिरजा, त्या वावराची मालकीण, नवरा वारलेला. आदल्या साली मर रोगानं तिची सारी तूर वाळली, थोडी झाडं तेवढी तगली. त्यांचंच बी या जाळीखाली पेरलं होतं. तुरीच्या फुलाला कळीतच स्वतःचा पराग मिळतो. पण मधमाशी बसली की दुसऱ्या तुरीचा पराग आणते, अन् पुढच्या पिकात तो चिवटपणा राहीलच याची खात्री नाही. म्हणून ही जाळी.

"मग घरी काहून नाही सांगितलं?"

"हे फसलं तर कॉलेजात हसतील. तुझ्या ताईच्या पोटात काही राहते का?"

ताईला हे पटणं शक्यच नव्हतं. "मच्छरदाणीत माशी धरून राहिले? तुले पढवून धाडलं त्यांनी." दुसऱ्या दिवशी ती माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून आली आणि ऊन चढेस्तोवर बांधावर बसली. तिची नजर माश्यांवर नव्हती, गिरजावर होती. पुढं ती तूर तगली, आजूबाजूच्या वावरांतही गेली. पण दरसाल तूर फुलली की भाऊजी बेस्याला जात, अन् मागोमाग ताईही जायचीच. मदतीला, असं ती म्हणे. मला तो पहाराच वाटे.

गेल्या आठवड्यात मी ताईकडे असताना गिरजा आली, तुरीचं गाठोडं घेऊन. ताई दारातच उभी राहिली.

"बस वं. एक सांग. मी नसली की हे तुयाशी काय बोलत?"

"तुरीचं, बाई."

"इतकी वर्षं?"

गिरजा खाली मान घालून म्हणाली, "अन् तुमचं. 'ती येऊन राहिली असन, जाळी नीट धर' म्हणत."

ताई बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, खरं की खोटं चाचपत. मग आत जाऊन दोन ताटं वाढून आणली. एक गिरजापुढं ठेवलं, दुसरं घेऊन स्वतः तिच्यासमोर बसली.

"आता सारं पहिल्यापासून सांग," ताई म्हणाली.